मोकळ्या बागेची राखण

मे संपत आला की रत्नागिरीत एक दिवस अचानक डबे वाजायचे थांबतात. आंब्याच्या दिवसांत आमची सकाळ उजाडते तीच पत्र्याच्या डब्यांवर. वानरांना हाकलायला बागेबागेतले गुरखे डबे बडवतात, हाळ्या देतात, मधूनच एखादा फटाका लावतात. तेवढे महिने आपण त्या आवाजाला नावं ठेवतो. मग शेवटची पेटी भरून जाते, कॅनिंगचा आंबासुद्धा उचलला जातो, आणि एका सकाळी जाग येते ती कसलाच आवाज नाही म्हणून. "आता जरा झोपता येईल," असं म्हणून आमचे हे कूस बदलतात. माझी मात्र त्याच सकाळी झोप उडते, ती दसऱ्यापर्यंत.

काल भावाला गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेले होते. फलाटाच्या त्या टोकाला बागांतली गुरखे मंडळी बसली होती. फुगलेल्या पिशव्या, गुंडाळलेल्या सतरंज्या, खोक्यासकट एक नवाकोरा टेबलफॅन, झोपेला आलेली पोरं, आणि एका बाईच्या मांडीवर जुन्या साडीत बांधलेले आंबे. नेपाळपर्यंत ते आंबे काय टिकणार, पण न्यायचे. इतके महिने दुसऱ्याच्या बागेतल्या मांगरात, झापांच्या खोपटात काढून ही माणसं घरी निघाली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. त्यांचा राग यावा असं त्यात काहीच नव्हतं. राग आला असता तर बरं झालं असतं, असं मला दरवर्षी वाटतं. कुणावर तरी काढता आला असता.

कारण ही माणसं जातात आणि त्यांची कुत्री मागे राहतात. 'त्यांची' म्हटलं, पण तिथंच तर सगळी गोची आहे. दसऱ्यानंतर गुरखे येतात, मांगर शाकारतात, चूल मांडतात. मग कुठून तरी एखादं पिल्लू येतं. कुणी रस्त्यावरून उचलून आणतं, कुणी शेजारच्या बागेतून मागून घेतं. डाळभातावर ते वाढतं, मोहर येईपर्यंत भुंकायला शिकतं, आणि आंबा तयार होईपर्यंत वानरांच्या मागे बागेच्या दगडी गडग्यावरून उड्या मारत पळायला लागतं. बागेच्या मालकाला विचारा, तो म्हणतो, कुत्रा गुरख्याचा. ठेकेदाराला विचारा, तोही तेच म्हणतो. गुरखा म्हणतो, बागेचा. कुत्र्याला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर तो काय सांगेल हे मला आता ठाऊक आहे.

धनबहादूर आणि त्याची बायको मनमाया आमच्या घरामागच्या चढावरच्या बागेत राखणीला होते. त्यांच्या बागेतली विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवायची, म्हणून ती दोघं आमच्या नळावर पाणी भरायला यायची. मागोमाग काळा कुत्रा. त्याचं नाव काले. हंडा भरेपर्यंत काले आमच्या पायरीखाली बसायचा. घरात डोकवायचा नाही, काही मागायचा नाही, माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. मला तर तो थोडा शिष्टच वाटायचा. मी बिस्किट टाकलं तर आधी धनबहादूरच्या तोंडाकडे बघायचा. त्याने "खा" म्हटलं की मग तोंड लावायचा.

दोन वर्षांपूर्वी आंबा संपल्यावर ती दोघं टेंपोत बसून गेली तेव्हा मी गच्चीत पापड वाळत घालत होते. काले टेंपोमागे पळाला. खाली वळणापर्यंत मला तो दिसला, पुढे दिसला नाही. दुपारी पापड काढायला गेले तर तो चढाने परत येत होता, जीभ बाहेर, रस्त्याच्या कडेकडेने. आमच्या दारावरून गेला, पायरीकडे पाहिलंही नाही, सरळ वर बागेत गेला. मला वाटलं, येईल भूक लागली की. दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मी भात घेऊन वर गेले तर मांगराच्या पुढ्यात, थंड झालेल्या चुलीपाशी बसलेला. मला पाहून गुरगुरला. त्याची चूक नव्हती. बागेत परकं माणूस आलं होतं.

त्याच आठवड्यात कळलं की हे एकट्या कालेचं नाही. नाक्यावर, बसथांब्याखाली, मच्छीच्या गाड्यांमागे नवी नवी कुत्री दिसायला लागली होती, आणि गल्लीतली कुत्री त्यांना फाडून खात होती. माझी मुलगी पुण्याला असते. तिच्याकडे गेले की ती मला तिच्या कुत्र्याला घेऊन एका बागेत नेते. तिथं कुत्र्यांसाठी घसरगुंडी आहे, बोगदा आहे, पाण्याचं टाकं आहे, आणि कुत्र्यांचे आईबाप बाकावर बसून एकमेकांना विचारतात, तुमचा काय खातो. मी तिथं तोंडावर पदर घेऊन हसले होते. पण त्या आठवड्यात मला तीच बाग आठवली. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेली बाई. एका टोकाला गरज आणि दुसऱ्या टोकाला सोय दिसली की मधली तार जोडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्याला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. घर बांधू म्हणून घेतलेला आणि तसाच राहिलेला. कातळ, त्यावर मूठभर माती, करवंदीच्या जाळ्या आणि काजूची चार झाडं. मी वाडीत शब्द टाकला. दाजी आले. दाजी म्हणजे एसटीत ड्रायव्हर होते, घाटात गाडी घालून घालून त्यांचा आवाजच चढाचा झाला आहे. त्यांच्याबरोबर वाडीतले आणखी काही जण. आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या हमीदाभाभी आल्या. त्यांचे मियाँ कुवेतला, घरात त्या आणि सासू. भाभींनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "ताई, मी हात नाय लावायची कुत्र्याला. माझा नमाज हाय. पण भात रोज माझ्याकडनं. मुकं जनावर दारात उपाशी राहिलं तर तो नमाज तरी कसला." त्यांनी शब्द पाळला. मोठं पातेलं, त्यात भात आणि मच्छीची डोकी, दोन फडक्यांनी धरून त्या सड्यावर येत, फाटकाबाहेर ठेवत, आणि पदर सावरून लांब उभ्या राहून प्रत्येकाने खाल्लं की नाही ते बघत.

गडगा घालायचं काम दाजींनी अंगावर घेतलं. वाडीतले बाप्ये आंब्यातून मोकळे झालेले होते, पेरणीला अवकाश होता. जांभ्याचे धोंडे तिथंच पडलेले. चिखल नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. बघत राहावं असं ते काम. एक जण दगड उचलतो, फिरवतो, ठेवतो, आणि तो दगड जन्मापासून तिथंच असल्यासारखा बसतो. मी चहा नेत होते, हमीदाभाभी खजूर आणत होत्या, चेष्टामस्करी चालली होती. आंबा गेल्यानंतरचे ते रिकामे, घामट दिवस एरवी इतके कंटाळवाणे, त्या वर्षी कसे गेले कळलंच नाही. दाजींनी एसटीचा जुना टायर आणून काजूला टांगला, कारण मी मुलीकडच्या बागेचा फोटो दाखवला होता. पत्र्यावर 'श्वान उद्यान' असं रंगवून झालं. वाडीत त्याला लगेच 'कुत्र्यांची बाग' म्हणायला लागले. मला तेच जास्त आवडलं.

कुत्र्यांना आणणं सोपं गेलं नाही. भुकेने ती आली, पण हाक मारली की ऐकत नव्हती. आधी आम्हाला वाटलं बिथरली असतील. मग माझ्या लक्षात आलं की ह्यांनी जन्मल्यापासून मराठी ऐकलेलीच नाही. खा म्हटलं की खात होती, बस म्हटलं की बसत होती, जा म्हटलं की जात होती. हे शब्द त्यांच्या माणसांच्या भाषेतही तेच. फक्त "ये" म्हटलं की ढिम्म. मनमाया नळावरून निघताना कालेला हाक मारायची, "आइज, आइज," ते मला आठवलं. मी तसं म्हटलं तर एक भुरी कुत्री कान टवकारून आली आणि माझ्या पायाशी उभी राहिली. काले आला नाही. त्याने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. खोटा आवाज ओळखावा तसं.

तरी चार दिवसांत सगळी आत आली. टायरला कुणी तोंड लावलं नाही, एकाने तंगडी वर केली तेवढीच. दाजींनी फाटकाला कडी घातली, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर आत एकही कुत्रा नाही. फाटक बंद, कडी जिथल्या तिथे. आणि संध्याकाळी जेवायच्या वेळेला सगळी हजर, गडग्यावरून एकामागून एक उड्या टाकत.

दाजी कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्या गडग्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आमी गुरांचा गडगा घातला हो." खरंच. वाडीतल्या प्रत्येकाचे हात आयुष्यभर एकच गडगा शिकलेले. बाहेरून उभा, म्हशीच्या छातीला लागेल इतका, गुराला चढता येऊ नये असा. आणि आतून धोंडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, म्हणजे गडगा बाहेरून ढकलला तरी कोसळत नाही. बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही, एवढंच आम्हाला माहीत. आतल्याला बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा गडगा कोकणात कुणी कधी घातलाच नसावा. आमच्याकडे जाणारा जातोच, त्याला अडवायची रीत नाही. कुत्री आपली आतल्या पायऱ्यांनी देवळात चढावं तशी चढत होती आणि पलीकडे उतरत होती. त्या दिवशी आम्ही सगळे पोट धरून हसलो. हमीदाभाभी तर खालीच बसल्या. इतकं हसू नंतर त्या सड्यावर पुन्हा कधी झालं नाही.

मला मात्र चुटपुट लागली, की ती जातात कुठे. गल्लीत दिसत नव्हती, नाक्यावर नव्हती. म्हणून एका संध्याकाळी जेवण झाल्यावर मी कालेच्या मागे गेले. पाऊस उघडला होता. सडा हिरवा झालेला, पायाखाली पाणी झुळझुळत होतं, आणि काले पुढे न रेंगाळता, न हुंगता, कामावर निघालेल्या माणसासारखा चालला होता. आमच्या घरामागच्या बागेत शिरला. आधी गडग्याच्या कडेने सगळी बाग फिरला. प्रत्येक कोपऱ्यात थांबून भुंकला. झाडावर आंबा नव्हता, वानर नव्हतं, कुणीच नव्हतं. मग मांगरापुढच्या ओट्यावर येऊन बसला, रस्त्याकडे तोंड करून. छपरावरचे झाप उडून गेले होते आणि ओट्यावर पाणी ठिबकत होतं. त्याने जरासं सरकून कोरडी जागा शोधली. मी एका कलमाखाली उभी होते. खाली घरी येईपर्यंत माझे डोळे भरून वाहत होते.

बाकीचीही तेच करत होती. कुणी बसणी गावाच्या वाटेवर, कुणी खाली खाडीकडच्या उतारावर, ज्याची त्याची बाग. संध्याकाळी आमच्याकडे जेवायचं आणि राखणीवर जायचं. हे कळल्यावर आमच्या कुत्र्यांच्या बागेबद्दलचा माझा सगळा अभिमान गळून पडला. आम्ही त्यांना निराधार समजत होतो. त्यांच्या लेखी ती नोकरीवर होती. मालक जरा बाहेर गेला होता, एवढंच.

मग ती भुरी यायची थांबली. माझ्या हाकेला जी पहिली आली होती, ती. दाजी तिच्या बागेत जाऊन आले आणि गडग्याशीच बसले. "वाघानं न्हेली," म्हणाले. बिबट्याला इथं वाघच म्हणतात. माणसं असतात तेव्हा चूल असते, बत्ती असते, फटाके असतात. माणसं गेली की बागेत उरतो तो फक्त भुंकून आपली जागा सांगणारा कुत्रा. पुढच्या पंधरवड्यात आणखी एक गेला. हमीदाभाभी पातेलं तेवढंच भरून आणायच्या आणि उरलेला भात बघत राहायच्या.

आता हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. भर पावसात दाजींनी गडग्यावर लोखंडी जाळी चढवली. कातळात पहारीने भोकं पाडून खांब रोवले, हाताला फोड आले तरी कुणाला बोलले नाहीत. संध्याकाळी सगळी जेवायला आली तेव्हा मीच फाटक लावलं. दसऱ्यापर्यंत, असं मी मनात म्हटलं. दसऱ्याला माणसं परत येतील, ज्याचा त्याचा कुत्रा ज्याच्या त्याच्या हवाली करू. तोवर जिवंत ठेवणं आपलं काम. यात न पटण्यासारखं काय होतं?

अंधार पडायला लागला तशी ती जाळीला भिडली. आधी भुंकली, मग तो आवाज बदलला. मी एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून माणसांचे सगळे आवाज ऐकलेले आहेत, मरणाच्या बातम्या जोडून दिलेल्या आहेत, पण त्या संध्याकाळचा तो आवाज मला ऐकवेना. बाकीची दोन-तीन दिवसांत थकली आणि निवली. काजूखाली पडून राहायला लागली, जेवायला लागली. काले जेवला नाही. जाळीच्या ज्या कोपऱ्यातून त्याच्या बागेची दिशा दिसते तिथं तो बसून राहिला. पाऊस आला तरी उठेना. दूध ठेवलं, भाकरी ठेवली, भाभींनी सुरमईचा तुकडा ठेवला. मी "खा" म्हटलं, दाजींनी दरडावून "खा" म्हटलं. तो आमच्या तोंडाकडे बघायचा आणि मान वळवायचा. जनावरांचे डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. म्हणाले, आजार असा काही नाही.

शेवटी मी धनबहादूरला फोन लावला. नंबर मनमायाने दिलेला होता. पहिल्याने लागेना, मग लागला, आणि पलीकडे कोंबड्यांचे, पोरांचे, भांड्यांचे आवाज. मी भाभी आणि दाजींबरोबर सड्यावर, छत्रीखाली. इकडची तिकडची विचारपूस झाली. मी म्हटलं, काले जेवत नाही.

"वो मेरा कहाँ है दीदी," म्हणाला. "वो तो बाग का है."

मी म्हटलं, ते राहू दे, तू दसऱ्याला येशील ना, तोवर आम्ही सांभाळतो.

"इस बार नहीं आऊँगा, दीदी. वीजा लग गया. कतार जा रहा हूँ."

मी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केलेला होता. दाजींनी मान खाली घातली. हमीदाभाभींच्या तोंडून हलकेच "चांगलं झालं" असं निघालं. त्यांच्या घरात, त्यांच्या वाडीत, व्हिसा लागला म्हटलं की हेच म्हणायचं असतं. मलाही तेच म्हणायला पाहिजे होतं. चार पैसे मिळतील, पोरं शिकतील, मांगरात पाला टाकून झोपावं लागणार नाही. रत्नागिरीतलं कुठलं घर ह्या माणसाला नावं ठेवू शकेल? मी म्हटलं, "चांगलं झालं रे."

"दीदी," तो म्हणाला, "फोन उसके पास ले जाओ."

मी जाळीशी वाकून फोन कालेच्या कानाशी धरला. धनबहादूर अगदी नेहमीच्या आवाजात बोलला, नळावर बोलायचा तसा. "काले. बस. बस, काले. खा."

काले उठला होता, तो बसला. फोनकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, मग शेजारच्या थाळीशी गेला आणि खायला लागला. घाईघाईने, घशात अडकेल असं. पलीकडून तो म्हणतच होता, "खा, खा." आणि मी कान देऊन ऐकत होते. तो दुसरं काहीतरी म्हणतो का, 'आइज' अशी हाक मारतो का. तेवढी एक हाक त्याने मारली नाही. माणूस शहाणा होता. नंतर आवाज नुसता श्वासाचा येत राहिला आणि फोन बंद झाला. थाळी चाटूनपुसून झाल्यावर काले माझ्या हाताशी आला, फोन हुंगला, आणि मग माझ्या मागे जाऊन बघून आला. छत्रीच्या मागे, भाभींच्या मागे, फाटकापाशी. तिथं कुणी नव्हतं. भाभींनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते, आणि काले त्यांच्या अगदी पायाशी गेला तरी त्या मागे सरकल्या नाहीत.

पुढे तो नंबर लागला नाही. लागला असता तरी मी किती वेळा लावणार होते? एका माणसाला, जो आधीच आपलं घर सोडून निघाला आहे, रोज संध्याकाळी सांगणार होते का, की बाबा रे, तुझ्या कुत्र्याला खा म्हण?

दसऱ्यापर्यंत, असं म्हणून मी फाटक लावलं होतं. कालेचा दसराच आता येणार नव्हता. दाजींचं म्हणणं, बंदच ठेवू. "जिता तरी ऱ्हाईल. आपल्या डोळ्यांदेखत ऱ्हाईल." त्यांचं काही चुकत नव्हतं. भाभी पातेलं घासत होत्या, त्या वर न बघता म्हणाल्या, "आमच्या यांना एकदा मी जाऊ दिलं नव्हतं. मी रडले, सासूला मधी घातलं. वर्षभर घरी ऱ्हायले. ओसरीवर बसायचे, जेवायचे, सगळं करायचे. पण एक दिवस नीट बोलले नाय ओ ताई. मीच बॅग भरून दिली मग."

फाटक आम्ही उघडलं. कुणी उघडलं ते महत्त्वाचं नाही, तिघेही तिथं होतो. काले धावला नाही. बाहेर आला, अंग झाडलं, आणि नेहमीच्या चालीने निघाला.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काले अजून आहे. का आहे, बिबट्याच्या तावडीतून कसा वाचला, हे मला विचारू नका. त्यात आमचं कर्तृत्व काही नाही. त्या दसऱ्यानंतर ती बाग दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली, नवे गुरखे आले, त्यांनी त्यांची पिल्लं पाळली. नव्या लोकांनी कालेला दगड मारून हाकललं, तेव्हा तो गडग्याबाहेर बसून राखण करायला लागला. वानरं आली की बाहेरून भुंकायचा आणि आतली कुत्री त्याच्यावर भुंकायची. संध्याकाळी भाभींच्या पातेल्याशी यायचा. अंगावर रोज नवी जखम. मी हळद लावायचे आणि तो लावून घ्यायचा, तेवढी ओळख आता झाली आहे.

आणि आज, डबे थांबल्याच्या चौथ्या दिवशी, संध्याकाळी सड्यावर तो आला तेव्हा त्याच्यामागे दोन कुत्री होती. त्याच बागेतली. थंडीत ह्यालाच चावलेली. बरगड्या दिसायला लागलेल्या, शेपट्या पायांत. फाटकाशी ती दोघं बिचकून थांबली. काले आत जाऊन परत बाहेर आला, त्यांच्याभोवती एकदा फिरला, आणि मग ती त्याच्यामागून आत गेली. भाभी म्हणाल्या, "बघा, घेऊन आलाय." आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. दाजींनी घरून आणखी भाकऱ्या मागवल्या. तिघं एका थाळीत जेवली.

खाऊन झालं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दाजी जाळीशी उभे होते. सकाळीच त्यांनी खालच्या वहाळाच्या पाण्याशी वाघाची पावलं पाहिली होती, ओली, ताजी. "वहिनी," ते म्हणाले, "लावूया का ह्या वक्ताला?" माझा हात फाटकावरच होता. मी भाभींकडे पाहिलं. त्यांनी थाळी उचलली आणि मान दुसरीकडे केली. ही दोन कुत्री कोवळी आहेत, ती कदाचित निवतील, काजूखाली झोपायला शिकतील, असं माझ्या मनात येत होतं. तेवढ्यात काले माझ्या पायाजवळून बाहेर पडला. त्याच्यामागे एक, त्याच्यामागे दुसरं. मी फाटक ओढलं नाही. ओढायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून नव्हे. हात उचलला नाही, एवढंच.

आता मी मागच्या दारात उभी आहे. पश्चिमेकडून काळं भरून आलं आहे, हे आतून विचारत आहेत की चहा टाकतेस का. वर बागेत भुंकणं सुरू झालं आहे. कालेचा आवाज मी ओळखते, जरा घोगरा, थांबून थांबून येणारा. दुसरा खालच्या कोपऱ्यातून. तिसरा बारीक, अजून नीट भुंकता न येणारा, विहिरीच्या बाजूने. तिन्ही ऐकू येत आहेत तोवर तिन्ही आहेत, इतकाच माझ्याजवळ हिशोब आहे. मग पत्र्यावर थेंब वाजायला लागले, बघता बघता पावसाने जोर धरला, आणि त्या आवाजात वरचं काही ऐकू येईनासं झालं. चहाचं आधण उकळून गेलं असेल. मी तशीच कान देऊन उभी आहे.